सक्रीबाईचा बिनतेलाचा मेरा

दारव्ह्याहून यवतमाळकडे जाताना बोरी अरबच्या आसपास रस्त्याच्या कडेला एक पत्र्याची पाटी होती. निळ्या ऑइलपेंटनं, वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलेलं : ‘मेणबत्ती शिका. एक दिवस. चहा मिळेल. घाई असल्यास येऊ नये.’ शेवटचं वाक्य वाचलं आणि मी काळीपिवळी जीप थांबवली. विद्यार्थी यायच्या आधीच त्याला तंबी देणारा मास्तर मला बघायचा होता.

मी तेव्हा पुस्तकांची प्रदर्शनं घेऊन गावोगाव फिरायचे. दिवाळीच्या आधीचे काही दिवस आमचा मुक्काम दारव्ह्याला असायचा. मला प्रवासात एक खोड आहे. ज्या गावी जाईन तिथलं काहीतरी स्वतःच्या हातानं करून बघायचं. एका गावी केरसुणी बांधायला शिकले, ती घरी पोचेपर्यंत सुटली. एका गावी घोंगडीचे काठ विणायला बसले, तर तिथल्या म्हातारीनं माझ्यासमोरच ते उसवले. कला एकही आली नाही, पण खोड काही गेली नाही.

पाटीपासून आत बंजाऱ्यांचा तांडा होता. दोन गल्ल्या, एक मंदिर, मंदिरासमोर ओटा आणि चारी बाजूंनी कपाशी. पहिल्याच घराला लागून पत्र्याची शेड, तिच्यात चुलीजवळ एक उंच बाई उभी. साठीच्या घरातली असावी. साडीवर पुरुषी शर्ट चढवलेला, हातांवर कोपरापर्यंत गोंदण आणि गोंदणावर मेणाचे पांढरे शिंतोडे. मी नमस्कार केला. तिनं वर न बघता विचारलं, “घाई हाय का?” मी नाही म्हणाले. “मंग चप्पल काढ अन् ये.”

ही सक्रीबाई राठोड. ‘तू’ म्हणाली म्हणून मी जरा दुखावले होते, पण तासाभरात मला तिचा कायदा कळला. मेण गरम असेपर्यंत समोर कलेक्टर का असेना, तो ‘तू’. डबा चुलीवरून उतरवला, मेण निवलं, की सगळे पुन्हा ‘तुमी’. चहाच्या कपासोबत मला ती ‘घ्या ताई’ म्हणाली तेव्हा मी मागं वळून बघितलं, दुसरं कोणी आलंय का म्हणून.

तिची पद्धत बुडवायची. मोठ्या पातेल्यात पाणी, पाण्यात उभा डबा, डब्यात वितळलेलं मेण. भावाच्या शेतातल्या कापसाची वात ती स्वतः वळायची. ती वात काठीला बांधून डब्यात सोडायची, लगेच वर काढायची, टांगून निवू द्यायची, परत सोडायची. दर खेपेला एक पातळ थर चढायचा. तिच्याकडे साचेही होते. कुठल्याशा सरकारी प्रशिक्षणात मिळालेले, ते कोपऱ्यात पालथे पडले होते. साच्यातल्या सगळ्या सारख्याच निघतात, असं ती सांगायची, आणि सांगताना एखाद्याची चुगली करावी तसा चेहरा करायची.

मी पहिल्याच दिवशी हुशारी केली. वात मेणात जितका वेळ ठेवू तितकी जाड होईल असा माझा हिशेब. ठेवली बराच वेळ. बाहेर काढली तर आधी चढलेले थरही गेलेले आणि हातात नुसता ओला दोरा. सक्रीबाई हसली नाही. “बुडव अन् काढ,” ती म्हणाली. “गरम मेनात बसून राह्यली का जवळचं होतं तेही जाते.” संध्याकाळपर्यंत माझी एक मेणबत्ती झाली. बुडाशी जाड, मधे बारीक आणि डावीकडे झुकलेली. ती तिनं मला नेऊ दिली नाही. शेडच्या आढ्याला टांगली. पुढच्या वर्षी गेले तर तिथंच लटकलेली, आणि सक्रीबाई नव्या विद्यार्थ्यांना बोट करून दाखवत होती की ही पुस्तकवाल्या ताईची, असं करू नका.

दर वर्षी मी जायला लागले ते तिच्यासाठीच. मेणबत्तीचं निमित्त.

सक्रीबाईचं लग्न झालेलं नव्हतं. तांड्यात ही गोष्ट साधी नाही, आणि येणारा प्रत्येक माणूस चहा पिता पिता त्यावर यायचाच. ती कोणावरही रागवायची नाही. प्रत्येकाला नवं कारण द्यायची. यवतमाळच्या कॉलेजातली पोरं आली होती, त्यांना सांगितलं की बघायला आलेल्या मुलाला मी बैलजोडी हाकून दाखव म्हणाले, त्याला जमलं नाही. काळीपिवळीच्या ड्रायव्हरला सांगितलं की मुहूर्ताच्या दिवशी कापूस वेचायचा राहिला होता. दोघांनीही मान डोलावली. मीही एकदा विचारलंच. तिनं चहाचा घोट घेतला, म्हणाली, “तुमचं झालं ना जी? मंग तुमीच सांगा, काहून केलं?”  उत्तर मी अजून शोधतेय.

‘मंग?’ हा तिचा खास शब्द. दारव्ह्याच्या बाजारात ती शर्ट घालूनच मेणबत्त्या विकायला बसायची. लोक हसतात, असं भावानं सांगितलं की म्हणायची, “मंग?” अंगणवाडीच्या बाईंनी सुचवलं की आकड्यांच्या मेणबत्त्या कर, वाढदिवसाला खपतात. ती म्हणाली, “मी मेनबत्त्या पेटवाले बनवतो. फुंकर मारून इझवाले नाई.” त्यांनी समजावलं की गिऱ्हाईक हातचं जाईल. “मंग?”  पुढं काय, ते ज्याला विचारलं त्यालाच माहीत नसायचं.

एकदा मी तिथं असतानाच एका संस्थेच्या बाई मोबाइलवर व्हिडिओ काढायला आल्या. त्यांची इच्छा होती की सक्रीबाईनं आरशांचा, कवड्यांचा जुना घागरा घालून मेणात वाती बुडवाव्यात, म्हणजे संस्कृती दिसेल. सक्रीबाई घरात गेली आणि आईचा घागरा घेऊन आली. उचलायला दोन हात लागावेत असा जड. तो तिनं त्या बाईंच्या हातात दिला. म्हणाली, तुम्ही घाला आणि चुलीपाशी उभ्या राहा, मी मेणाचं काम करते, दोघींचंही होऊन जाईल. बाई भल्या होत्या. त्यांनी खरंच घातला. थोड्याच वेळात घामानं निथळत्या झाल्या, स्वतःच हसायला लागल्या आणि काढून ठेवला. तरी त्यांनी एक प्रश्न विचारलाच, की मेणबत्त्यांच्या आधी तुम्ही काय होता? त्यांना दुःखाचं काहीतरी हवं असावं.

“आधी मी तरनी होती,” सक्रीबाई म्हणाली.

तो व्हिडिओ पुढं कुठं बघायला मिळाला नाही.

आता मेऱ्याविषयी सांगायला हवं, कारण सक्रीबाई म्हटलं की मला तोच आठवतो. दिवाळीच्या अमावस्येला संध्याकाळी तांड्यातल्या लग्न न झालेल्या मुली हातात दिवा घेऊन दारोदार जातात. त्या दिव्यालाही आणि त्या फेरीलाही मेराच म्हणतात. प्रत्येक घरातल्या माणसाला नात्यानं, म्हणजे भावाला ‘भिया’ अशी, हाक मारून ‘तोन मेरा’ म्हणतात, म्हणजे तुला मेरा, तुझं बरं होवो. या तांड्यात पद्धत अशी होती की मुली घरून निघताना दिव्यात जेमतेम ओलाव्यापुरतं तेल घालायच्या. मग ज्या दारी जातील त्या दारचं माणूस चमचाभर तेल त्यांच्या दिव्यात ओतायचं. अशा रीतीनं सगळ्या तांड्याच्या तेलावर दिवा सगळा तांडा फिरून यायचा. लग्न झालं की मुलगी सासरच्या तांड्याची, तिचा मेरा सुटला.

सक्रीबाईचा कधी सुटलाच नाही. बारा-चौदा वर्षांच्या पोरींच्या मागून ही साठीची बाई आईचा पितळी दिवा घेऊन दर वर्षी निघायची. सुरुवातीला लोक हसले असतील, नंतर त्यांना सवय झाली. मी तिला विचारलं होतं, संकोच नाही वाटत? ती म्हणाली, नियम कोणी केला, मी का? लग्न न झालेल्या मुलींनी घ्यावा असा नियम आहे. वयाचं त्यात काही सांगितलेलं नाही.

ज्या वर्षीची गोष्ट आहे त्या वर्षी मी गेले तेव्हा शेडमध्ये दुसरं कोणी नव्हतं. आम्ही दोघी वाती बुडवत होतो. तेवढ्यात तिचा धाकटा भाऊ उत्तम आला. शेजारीच राहणारा, मऊ माणूस, बहिणीच्या शब्दाबाहेर न जाणारा. तो चुलीपासून लांब उभा राहिला. त्याच्या मुलीला दिवाळीला पाहुणे बघायला येणार होते, हे मला माहीत होतं. तो जमिनीकडे बघत बोलला, त्याचं सार असं, की तांड्यातल्या काही बायकांनी कुरकुर केली होती. सक्रीबाईचा दिवा आपल्या पोरींच्या दिव्याला लागतो, मग पोरींची लग्नं लांबतात. ओट्यावर चर्चा झाली. तांड्याचे नायक, म्हणजे परंपरेनं पुढारपण असलेले एक म्हातारे गृहस्थ, म्हणाले की कोणाला मनाई करायची नाही, वाद नको. तिनं निघायचं तर निघावं. फक्त कोणी तिच्या दिव्यात तेल घालू नये. चार दारांत दिवा आपोआप विझेल आणि ती आपली आपण घरी जाईल.

मला आधी कळलंच नाही, किती सभ्य आणि किती दुष्ट आहे हे. कळलं तेव्हा राग आला. नायक काही वाईट माणूस नव्हते. वीज गेली की तेच स्वतः मेणबत्त्या न्यायला यायचे. त्यामुळे मला जास्तच राग आला.

“बाई, यंदाच्या वर्षी राहू दे,” उत्तम म्हणाला. “पोरीचे पाहुने येऊन राह्यले.”

“तुही पोरगी मेरा घेते तवा तुले गोड वाटते. माह्या हातात काहून टोचते?”

“मले नाई टोचत. लोकायले टोचते.”

“तू काय करशीन त्या दिवशी?”

 उत्तम वळला आणि गेला. सक्रीबाईनं काठी मेणात सोडली, काढली, टांगली.  चूल विझवल्यावर ती बोलली, आणि मेण निवलं तरी मला ‘तू’च म्हणाली.

“या तांड्यात आलेल्या बाया साऱ्या दुसरीकडच्या. नायकाची माय दिग्रसकडची, उत्तमची बायको पुसदची. इथं जलमली अन् इथंच राह्यली अशी मी एकटी. माह्यासारखी इथली कोनी नाई. अन् मीच मेरा सोडू? मेरा सोडला का मी या तांड्यात पाहुनी झाली. मंग उद्या म्हनतीन, हे शेड कोनाचं, हे घर कोनाचं.”

मी विचारलं, मग काय करणार? तेल घरूनच भरून न्या, मोठा दिवा घ्या. ती म्हणाली, भरलेला दिवा घेऊन निघणं म्हणजे आधीच मान खाली घालणं. लोकांनी घातलं नाही हे सगळ्यांना दिसणारच, आणि दर दारात ते चमचा मागं घेणार. तो मागं घेतलेला चमचा तिला बघायचा नव्हता. मग ती आढ्याकडे बघत बसली. तिथं माझी वाकडी मेणबत्ती लोंबत होती.

“उद्या सकाळीच ये,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी परतीचं तिकीट रद्द केलं, प्रदर्शन सहकाऱ्यावर सोपवलं आणि तांड्यावर गेले. त्या दिवशी आम्ही एकच मेणबत्ती केली. बुडवायची, काढायची, निवू द्यायची, परत बुडवायची. मी थर चढताना बघत होते. दुपारी चहा झाला, ती शेळ्यांना पाणी पाजून आली, मधेमधे मी काठी धरली. संध्याकाळी मेणबत्ती बॅटरीतल्या मोठ्या सेलएवढी जाड झाली. सक्रीबाईनं आईचा पितळी दिवा घासून आणला. त्याच्या खोलगट भागात मेणबत्ती उभी केली आणि भोवतीनं गरम मेण ओतलं, काठोकाठ. मेण गोठलं. ज्या जागी तेल घालायचं ती जागाच उरली नाही.

मी म्हणाले, मेऱ्याला मेणबत्ती चालत नाही असं तुम्हीच मला सांगितलं होतं.

“हो ना, सांगतलं,” ती म्हणाली. “तवा लोक तेल घालत होते.”

अमावस्येच्या संध्याकाळी अंधार पडता पडता मुली मंदिरापाशी जमल्या. नवे कपडे, हातात छोटे दिवे. आयांनी बजावलेलं असावं, कारण त्या सक्रीबाईपासून थोडं अंतर ठेवून पुढं चालत होत्या. उत्तमची मुलगी त्यांच्यात होती, तिनं एकदोनदा मागं वळून बघितलं. सक्रीबाईनं शर्ट काढून ठेवला होता, हिरवी साडी नेसली होती. मी तिच्या मागं चार पावलांवर होते. मला भीती वाटत होती, हे कबूल करते. तिला वाटत होती का, ते तिच्या पाठीवरून कळलं नाही. पाठ ताठ होती.

पहिल्या दारी मुलींच्या दिव्यांत तेल पडलं. मग सक्रीबाई पुढं झाली, नात्यानं हाक मारून मेरा म्हणाली. घरची बाई तेलाची वाटी आणि चमचा घेऊन तयारीत होती, न घालण्याच्या तयारीत. तिनं दिव्याकडे बघितलं आणि चमचा हवेतच राहिला. तेल घालायचं नाही असं ठरवून बसलेल्या माणसाला घालायला जागाच असू नये, ही पंचाईत मी त्या संध्याकाळी दारोदार बघितली. नाकारायलाच कोणाकडे काही उरलं नव्हतं. एक म्हातारा तर वाटी घेऊन कितीतरी वेळ मेणबत्तीभोवती बघत राहिला, कुठं ओतायचं ते शोधत. तो निर्णय विसरला होता की त्याला तो मान्यच नव्हता, मला माहीत नाही.

वाटेत विहिरीच्या वळणावर शेतातून वारा आला आणि दोन मुलींचे दिवे गेले. त्या थबकल्या. आजूबाजूच्या दारांत त्यांच्या आया उभ्या होत्या. सक्रीबाई थांबली. तिनं हात पुढं केला नाही, बोलावलंही नाही, नुसती मेणबत्तीला तळवा आडवा धरून उभी राहिली. त्यातली लहान मुलगी आली आणि दिवा लावून घेऊन गेली. दुसरीनं पहिलीच्या दिव्यावरून लावला. दारातून कोणीतरी काहीतरी ओरडलं, पण तोवर आम्ही पुढं निघालो होतो.

नायकांच्या दारी ते स्वतः खुर्चीवर बसलेले. मेरा ऐकून त्यांनी मेणबत्तीकडे बघितलं आणि हे काय, असं विचारलं.

“मेरा हाय, काका.”

“अन् तेल?”

“तुमाले तरास नको म्हनून.”

नायकांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि आत गेले. सक्रीबाई ते आत जाईपर्यंत उभी राहिली आणि मगच वळली.

पुढचं घर उत्तमचं. अंगणात खाटेवर पाहुणे बसले होते, मुलाचे वडील, मुलाची आई, एक मामा. हातात चहा. सगळे दरवाजाकडे बघत होते. मुलींना उत्तमच्या बायकोनं तेल घातलं आणि ती घाईघाईनं आत वळली. उत्तम भिंतीला टेकून उभा होता.  हा माणूस आता आत जाईल, खाली बघेल किंवा काहीतरी विनोद करून वेळ मारून नेईल, असं मला वाटलं, आणि तसं झालं असतं तर मी त्याला आयुष्यभर माफ केलं नसतं.

सक्रीबाई त्याच्यासमोर उभी राहिली. “भिया, तोन मेरा,” ती म्हणाली. आवाज नेहमीसारखाच, बाजारात भाव सांगावा तसा.

उत्तम आत गेला. पाहुण्यांतल्या मामानं मान वळवली. सक्रीबाई हलली नाही. मग उत्तम बाहेर आला. त्याच्या हातात चमचा नव्हता, वाटी नव्हती, तेलाची आख्खी बुधली होती. तो पाहुण्यांच्या समोरून, त्यांच्या खाटेला वळसा घालून, बहिणीपर्यंत आला. बूच काढून बुधली तिरपी केली. मग त्यानं दिवा बघितला. मेण काठोकाठ भरलेलं होतं. त्याला सुचेना काय करावं ते. तो बुधली तशीच धरून उभा राहिला, आणि मेणबत्तीच्या उजेडात मला दिसलं की त्याचे डोळे भरलेत.

सक्रीबाईनं माझ्याकडे एकदा बघितलं. पुढचंही ती त्यांच्या बंजारा बोलीत बोलली नाही, मला कळेल असं वऱ्हाडीतच बोलली.

“राहू दे भिया,” ती म्हणाली. “बुधली भरून ठेव. पुढच्या वर्सी मी येनच.”

त्यानंतर आमची प्रदर्शनं बंद झाली आणि मी त्या बाजूला गेलेले नाही. तिची शेवटची आठवण ती तेवढीच. उत्तमच्या अंगणातून बाहेर पडताना तिनं मेणबत्तीची काजळी बोटानं झाडली आणि मुलींच्या मागून पुढच्या दाराकडे चालू लागली.